कलेक्टपासून ग्रॅबपर्यंत

पंख्यांचा कारखाना नव्या मालकांनी घेतला तो यंत्रांसाठी. जुन्या घरासोबत पाली येतात तशी माणसं त्याच्यासोबत आली. आता कोणाला ठेवायचं आणि कोणाला हाकलायचं हे ठरवायला मुलाखती होणार होत्या, आणि त्याही इंग्रजीतून. ही बातमी घेऊन कारखान्याचा स्टोअरकीपर घरी आला तेव्हा त्याचा चेहरा इतका पडला होता की बायकोने आधी विचारलं, "कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," तो म्हणाला. "बहुतेक मीच जाणार."

त्याच्या वयाला दुसरी नोकरी कोणी देणार नव्हतं. घर भाड्याचं, लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आणि भिंतीला ओल. त्या रात्री जेवणं झाल्यावर ताट उचलता उचलता लेकीने सूत्रं हातात घेतली.

"बाबा, तुम्ही स्टोअरमध्ये नक्की करता काय?"

"माल आणवतो, ठेवतो, मागेल त्याला देतो."

"म्हणजे गोळा करणं हे मुख्य काम. मग त्याचेच वेगवेगळे शब्द पाठ करा. तोच तोच शब्द आला की समोरच्याला वाटतं, याला इंग्रजी येत नाही."

"येत नाहीच."

"ते त्यांना कळता कामा नये."

लेकीने जाडजूड पुस्तक उघडून शब्द काढून दिले. कलेक्ट, गॅदर, ऑब्टेन, अक्वायर, प्रोक्योर, अक्युम्युलेट, अमास, होर्ड, ग्रॅब. पुस्तकात सभ्य शब्द आधी होते. गोळा करणं, मिळवणं, खटपट करून आणणं इथपर्यंत सगळं घरंदाज होतं. पुढे पुढे मात्र चाल बिघडत गेली होती. होर्ड म्हणजे साठवून दडवणं, आणि ग्रॅब म्हणजे सरळ हिसकावणं. "सुरुवातीचे तीन-चार पुरेत हं बाबा," असं लेकीने बजावलंही होतं.

पण स्टोअरकीपर पाढे घोकून मोठा झालेला माणूस. त्याला कुठलीही गोष्ट पाठ करायची तर चालीवर, मांडीवर थाप देत, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत. सात चोक विचारलं तर तो सात एकेपासून निघायचा, आणि एकदा निघाला की सात दाहे सत्तर आल्याशिवाय थांबायचा नाही. दाढी करताना, बसच्या रांगेत, झोपेत कूस बदलताना त्याचं कलेक्ट-गॅदर चालू झालं. "एवढा देवाचा जप केला असता तर देव येऊन तुमच्या जागी मुलाखत देऊन गेला असता," बायको म्हणाली. पण तिलाही तो पाढा पाठ झाला होता, कारण त्या दोन खोल्यांत न ऐकण्याची सोयच नव्हती.

मुलाखतीला समोर नव्या मालकांची बाई होती. चष्मा नाकावर, हातात पेन, चेहऱ्यावर काहीच नाही.

"व्हॉट डू यू डू इन द स्टोअर?" तिने विचारलं.

"आय कलेक्ट," स्टोअरकीपर म्हणाला.

इथे थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण टेबलाखाली त्याची थाप मांडीवर पडली होती, आणि गाडी उताराला लागली होती. "कलेक्ट, गॅदर, ऑब्टेन, अक्वायर, प्रोक्योर..." बाईने मान वर केली. "अक्युम्युलेट, अमास, होर्ड," आणि शेवटची थाप जरा जोरात बसली, "ग्रॅब!"

बाईने पेनाचं टोपण काढलं. "सिन्स व्हेन?"

"फ्रॉम द बिगिनिंग, मॅडम."

"अलोन?"

"नो, मॅडम. माय डॉटर हेल्प. एव्हरी डे. अॅट होम."

बाईने बराच वेळ लिहिलं. स्टोअरकीपर तरंगत घरी आला. "बाकीच्यांना पाच मिनिटांत बाहेर काढलं," त्याने बायकोला सांगितलं. "माझं मात्र सगळं लिहून घेतलं बाईंनी." त्या दिवशी तो कित्येक आठवड्यांनी पोटभर जेवला. बिचाऱ्याला वाटलं, नोकरी वाचली.

खरा प्रकार दोन दिवसांनी कारखान्याच्या ड्रायव्हरकडून कळला. तो याच गल्लीत राहायचा, आणि त्याच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नसे. स्टोअरकीपरने माल दडवल्याची, हडपल्याची स्वतःच्या तोंडाने कबुली दिली होती म्हणे, आणि मुलीलाही सामील केलं होतं. कंपनीची चौकशीची माणसं घर बघायला येणार होती. लेक डोकं धरून बसली. "बाबा, सगळे म्हणालात? ग्रॅबसुद्धा?"

"मध्येच कसा थांबणार?" स्टोअरकीपर म्हणाला. त्याच्या दृष्टीने प्रश्नच चुकीचा होता.

बायकोने आधी रडून घेतलं. आता नोकरी तर जाणारच, वर अब्रूही जाणार, या विचाराने ती दिवसभर दाराबाहेर पडली नाही. संध्याकाळी पाण्यासाठी पडावंच लागलं. तर नळावर समोरच्या काकू चक्क बाजूला सरकल्या. "तुम्ही भरा आधी," म्हणाल्या. या काकू आजवर तिला 'ओल्या भिंतीवाली' म्हणायच्या. घरमालकाने स्वतःहून विचारलं, "रंग द्यायचा का खोलीला?" आणि बायकोचा सख्खा भाऊ, जो लेकीच्या आजारपणातही फिरकला नव्हता, तो फोनवर अगदी गळ्यात पडला.

"दाजी, एवढं सगळं जमवलंत आणि आम्हाला पत्ता नाही? बरं, घरी ठेवू नका काही. आमच्याकडे माळा रिकामा आहे. आपलं समजून पाठवा."

"अरे, पाठवायला काही नाही माझ्याकडे," स्टोअरकीपर कळवळून म्हणाला.

"फोनवर बोलू नका, कळलं मला," म्हणून मेहुण्याने फोन ठेवला.

पहिल्यांदा नळावर मान मिळाला की तो कोणाला नको असतो? तिसऱ्या दिवशी बायको ठेवणीतली साडी नेसून पाण्याला गेली. कोणी काही विचारलं की ती नुसती हसायची. हो म्हणायची नाही, पण नाहीसुद्धा म्हणायची नाही. रात्री दिवा घालवल्यावर मात्र तिने नवऱ्याला हलवलं.

"अहो, खरंच काही नाही ना?"

"नाही गं. शप्पथ."

"नीट आठवून बघा. एखादी वस्तू? चुकून आली असेल."

"खिळासुद्धा आणला नाही कधी."

बायकोने अंधारातच सुस्कारा सोडला. तो सुटकेचा नव्हता, हे स्टोअरकीपरला कळलं आणि त्याची झोप उडाली. चोरी केली नाही याबद्दल बायकोची माफी कशी मागायची, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

चौकशीची माणसं आली ती अगदी अदबीने. एक जाडा, एक काटकुळा. "तुम्ही नाही म्हणू शकता," जाडा म्हणाला, "पण मग तसं लिहावं लागेल." बाहेर अख्खी गल्ली जमली होती. समोरच्या काकूंनी तर घरातून खुर्ची आणली होती, आणि खिडकीच्या ओढलेल्या पडद्यातून काही दिसतंय का म्हणून ती दोनदा उगाच सरकवली.

काटकुळ्याने कपाट उघडलं. पलंगाखालची ट्रंक ओढली. पिशव्यांची एक मोठी पिशवी निघाली, तिच्यात लहान पिशव्या, आणि लहान पिशव्यांत सुतळीचे तुकडे. झाकणं नसलेल्या बरण्या निघाल्या, बरण्या नसलेली झाकणं निघाली. मोडक्या छत्रीच्या काड्या एका दोऱ्याने नीट बांधलेल्या होत्या.

"हे कोणाचं?" काटकुळ्याने विचारलं.

"माझं," बायको म्हणाली. "लागतं कधीतरी."

डब्यांत हात घालून झाले, गादी उलटून झाली. पंख्यांच्या कारखान्यातल्या या माणसाच्या घरात पंखासुद्धा एकच होता, तोही दुसऱ्या कंपनीचा, आणि कुरकुरत होता. त्याच्याखाली बसून जाड्याने घाम पुसला. इतकी वर्षं स्टोअरच्या किल्ल्या कमरेला बाळगणाऱ्याचं घर असं असू शकतं, हे त्यालाही जड जात होतं.

"तुम्ही इंग्रजीत ते सगळं का म्हणालात हो?"

"पाठ केलं होतं, साहेब."

जाड्याने काटकुळ्याकडे पाहिलं. काटकुळ्याने खांदे उडवले. "सुटलात तुम्ही," जाडा उठत म्हणाला. "काही सापडलं नाही असं लिहितो. उलट बाईसाहेबांना सांगतो, असा माणूस ठेवाच. वहिनी, काळजी मिटली. आता बाहेरच्यांनाही सांगून टाकतो, म्हणजे उगाच बदनामी नको."

स्टोअरकीपरचे डोळे भरून आले. लेकीने बापाचा हात घट्ट धरला. जाडा दाराकडे वळला, तोच बायको आडवी आली आणि तिने आतून कडी घातली.

"हळू बोला," ती म्हणाली. "साहेब, एक विनंती आहे. काहीतरी सापडलं असं लिहा ना."

"काय?"

"एखादी सोन्याची बांगडी लिहा. लहानशी चालेल."

"अगं, काय बोलतेस?" स्टोअरकीपर ओरडला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही कारखान्यात जाता, पाण्याला मी जाते. आयुष्यभरात या घरात काही म्हणजे काही आलं नाही, हे मला माहीत आहे तेवढं पुरे. गल्लीला कशाला सांगायचं?"

जाड्याने टोपी काढली, पुन्हा घातली. त्याच्या नोकरीत लोक काही लिहू नका म्हणून पाया पडायचे. हे नवीन होतं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "लिहायला माझं काही जात नाही. पण बांगडी लिहिली की यांची नोकरी आजच गेली. नाही लिहिली तर राहते. तुम्हीच सांगा, काय करू?"

बायको खिडकीकडे गेली आणि पडद्याच्या फटीतून बाहेर पाहू लागली. काकू खुर्चीतून अर्धवट उठून तिच्याकडेच बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत अजून मान होता. स्टोअरकीपर बायकोच्या पाठीकडे पाहत उभा राहिला. ती विचार करत होती. बराच वेळ करत होती.