आभाळ धरण्याची कायम नोकरी

एका जंगलात पाणी आटले, आणि मुलांनो, सगळ्यात आधी काय झाले असेल? आभारसभा झाली.

ओढे कोरडे पडले होते. तळ्यांना भेगा गेल्या होत्या. अख्ख्या जंगलात मिळून एक डोह उरला होता आणि त्यावर वाघमहाराजांचा पहारा होता. महाराजांच्या चाकरीत जो असेल त्याला सकाळ-संध्याकाळ डोहावर पाणी. बाकीच्यांनी चिखल चाटावा. चाकरीतूनही रोज कुणी ना कुणी कमी होत होते. ज्यांची नोकरी शिल्लक होती त्यांनी दर सोमवारी वडाखाली जमायचे आणि एका सुरात म्हणायचे, "अशा दिवसांतही आम्हाला काम आहे. आम्ही भाग्यवान आहोत."

हे वाक्य चिटणीस साळिंदराने लिहिले होते. त्याच्या पाठीवर इतक्या लेखण्या होत्या, की वाद घालायला कुणी जवळ जात नसे.

पण कुजबूज थांबेना. महाराजांनी एवढ्या वर्षांत केले काय, असे ससेसुद्धा विचारू लागले. तेव्हा एका सोमवारी साळिंदर उभा राहिला.

"पाणी गेलं, मान्य आहे. पण जरा वर बघा. आभाळ आहे ना जागेवर? ते कुणाच्या कारकिर्दीत टिकलंय?"

सगळ्यांनी वर पाहिले. आभाळ होते. मग टाळ्या वाजवणे भागच पडले.

आता आभाळ राखले म्हटल्यावर ते राखणारे कुणीतरी दाखवायला हवे. टिटवी झोपताना पाय वर करते, आभाळ कोसळलेच तर झेलायला, हे त्या जंगलात सगळ्यांनी लहानपणी ऐकलेले होते. ऐकून हसलेलेही होते. साळिंदराने माळावरच्या द्वारका टिटवीला बोलावून घेतले.

"द्वारकाबाई, तुम्ही आभाळ धरता म्हणे?"

"आमच्यात तसं म्हणतात," द्वारका संकोचून म्हणाली. "आई धरायची. मी आपली सवयीनं पाय वर करते."

"आजपासून सवय म्हणायचं नाही. नोकरी म्हणायचं. तीही कायम."

द्वारका हरखली. तिची चार अंडी माळावरच्या खड्यांत उघड्यावर होती. भर उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते. नाहीतर अंडी आतल्या आत शिजतात. डोहावर जायला मिळणे म्हणजे चार जीव वाचणे. तिने तिथल्या तिथे उताणे होऊन पाय वर केले. साळिंदराने हजेरी मांडली.

दरबारासमोरच्या सपाट दगडावर तिची जागा ठरली. पहिले चार दिवस फक्त रात्रीचे काम होते. पाचव्या दिवशी साळिंदर म्हणाला, "दिवसा आभाळ नसतं का, बाई?" झाले. दिवसाही काम सुरू झाले. सकाळी एकदा डोहावर जायचे, संध्याकाळी एकदा. सकाळी भिजवलेले पोट उन्हे चढण्याआधीच वाळून जाई. आणि अंड्यांना पाणी हवे असते ते दुपारी. दुपारी द्वारका दगडावर उताणी. तिचा नवरा भिकाजी चाकरीत नव्हता, त्याला डोह बंद. तो दोन टेकड्या ओलांडून जंगलाबाहेरच्या एका डबक्यावर जायचा, पोट भिजवून धापा टाकत यायचा आणि अंड्यांवर बसायचा.

द्वारकाने एकदा धीर करून विचारलेच. "साहेब, दुपारी घटकाभर रजा मिळेल का? अंडी तापतात हो."

"रजा? आणि तेवढ्यात आभाळ खाली आलं तर? तुमचीच अंडी फुटतील. मी तुमच्याच भल्याचं बोलतोय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "बाहेर रांग किती आहे, कल्पना आहे ना?"

कल्पना होती. रांग तिच्या दगडाशेजारीच बसलेली होती. तिच्यात सगळ्यात पुढे सुतार पक्षी होता. झाडे वाळली तशी त्याची नोकरी गेली होती आणि चोच गंजायला लागली होती.

"वहिनी, जड होत असेल तर सांगा हं," तो म्हणाला. "मलाही दोन पाय आहेत."

"तुमचे आखूड आहेत, सुतारभाऊ."

"आभाळ थोडं खाली घेऊ. कोण मोजायला जातंय?"

रांगेतले हसले. द्वारकाने पाय आणखी ताठ केले. त्या सोमवारी आभारसभेत तिचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मुलांनो, कृतज्ञता मनातून येते असे तुम्हाला शाळेत शिकवतात. ती रांगेतून येते.

आणि मग एका दुपारी भिकाजी आला तो कोरडा.

"डबकं आटलं," तो म्हणाला. "ऊठ. तुला डोहावर कुणी अडवत नाही. पोट भिजव आणि चल."

"अहो, मी कामावर आहे."

"काम काय करतेस तू?"

"दिसत नाही? धरलंय मी."

"द्वारके, अंडी चटका बसेल इतकी तापलीत. मी पंख पसरून सावली करून बघितली. भागत नाही. एक तर आतून हलायचंच थांबलंय."

द्वारकाने दरबाराकडे पाहिले. महाराज झोपले होते. साळिंदर सावलीत घोरत होता. रांगेने ऊन चुकवायला माना पंखांत घातल्या होत्या. तिने डोळे गच्च मिटले, आईची माफी मागितली, सगळ्या जंगलाची मागितली आणि पाय खाली टेकले.

डोळे उघडायची तिची हिंमत होईना. तशीच धावली. डोहात पोट बुडवले, माळ गाठला आणि अंड्यांवर बसली. ओल्या पिसांखाली एक अंडे हलले. एकच. बाकीची तीन दगडासारखी पडून होती.

"आता बघ वर," भिकाजी म्हणाला.

तिने पाहिले. आभाळ होते तिथेच होते. निळे, रिकामे, कुणाच्याही पायांवर नसलेले.

"अगं बाई," द्वारका म्हणाली.

"मग! उगाच इतके दिवस..." भिकाजीने न हलणाऱ्या तीन अंड्यांकडे पाहिले. "चल, सगळ्यांना सांगू. आभाळ धरावं लागत नाही. जंगल विचारेल तरी, मग महाराजांनी केलं काय म्हणून."

द्वारकाच्या मनात क्षणभर आले, की वडाभोवती घिरट्या घालत टिटवीच्या खास आवाजात सगळ्या जंगलाला हे ओरडून सांगावे. तो आवाज मैलभर जातो. तिने चोच उघडलीही.

मग तिला दुसरे सुचले. आभाळ धरावे लागत नसेल, तर धरणारी कशाला हवी? आणि धरणारी नको असेल, तर डोह बंद.

तिने चोच मिटली. "अहो, कुणी बघितलं तर नसेल ना मला?" एवढेच ती म्हणाली. आणि धावत जाऊन दगडावर उताणी झाली. पाय पूर्वीपेक्षा चार बोटे वर.

पण कुणीतरी पाहिले होते. ऊन कलल्यावर सुतार पक्षी तिच्या कानाशी आला.

"वहिनी, दुपारी पाय खाली होते तुमचे."

द्वारकाने पाय आणखी वर ताणले. "सुतारभाऊ, पाया पडते. साहेबांना सांगू नका."

"छे! सांगेन कशाला?" तो दुखावल्यासारखा म्हणाला. "आभाळ आपोआप राहतं हे कळलं, तर जागाच रद्द होईल. मग मी रांग कशाची लावू? तुम्ही निश्चिंत धरा. फक्त तुमच्यानंतर माझा नंबर, एवढं लक्षात असू द्या."

दोघांनी मिळून आभाळाकडे पाहिले. दोघांनाही ते तेव्हा खूप जड वाटले.

पुढे रोज दुपारी भिकाजी एका अंड्यावर पंख पसरून उभा राहायचा आणि सकाळी द्वारकाने आणलेल्या ओलीवर दिवस काढायचा. त्या एका अंड्यातून कसेबसे पिल्लू बाहेर आले. बाकीची तीन त्याने खड्यांखाली पुरली. द्वारकाला तेव्हा रजा मिळाली नाही. तिने मागितलीही नाही.

पुढच्या सोमवारी आभारसभेत साळिंदराने जाहीर केले, "या काळात आभाळ एकदाही पडलेलं नाही. द्वारकाबाईंचं काम शंभर टक्के!" टाळ्या झाल्या. सगळ्यात जास्त टाळ्या सुतार पक्ष्याने वाजवल्या. द्वारका उताण्यानेच म्हणाली, "अशा दिवसांतही मला काम आहे. मी भाग्यवान आहे." भिकाजी सभेला आला नव्हता.

टिटवीचे पिल्लू अंड्यातून निघताच धावू लागते. ते धावत आईच्या दगडापाशी आले. त्याने आईकडे पाहिले, मग वर पाहिले, मग आपल्या काड्यांसारख्या पायांकडे पाहिले. ते पाय जमिनीवर होते.

"आई," ते मोठ्याने म्हणाले, "माझे पाय खाली आहेत. तरी पडत नाही गं आभाळ!"

"हळू बोल मेल्या," द्वारका दबक्या आवाजात म्हणाली. "आणि उताणा हो आधी. तो सुतारकाका बघ, केव्हाचा टपून बसलाय. त्याच्या आधी तुझा नंबर लागायला हवा."

पिल्लू उताणे झाले. त्याला सुरुवातीला जरा त्रास झाला. मग सवय झाली.

तात्पर्य : दिवस वाईट असताना कायमची नोकरी आहे, याबद्दल सदैव आभारी असावे. नोकरी नसती तर द्वारका अंड्यांवर बसून राहिली असती, कदाचित चारही पिल्ले जगली असती, आणि मग तेवढ्यांना धरायला आभाळे कुठून आणायची होती?