आराशीतला थोरला

अष्टमीच्या सकाळी देवळातल्या आराशीतील कोहळ्याने आपण आमचे थोरले चिरंजीव असल्याचे सांगितले आणि नवमीचा सुरा आपल्याकडे द्यावा, अशी रीतसर मागणी केली.

देवीची शारदीय आरास आमच्या, म्हणजे गुरवाच्या, घराकडे आहे. भाताच्या लोंब्या, तेरडा, कुर्डू, झेंडूच्या माळा, पायरीपायरीने रचलेले तांबडे भोपळे आणि मधोमध एक पांढरा कोहळा, अशी ती मांडणी. नवमीला घरच्या कर्त्या पुरुषाने तो कोहळा देवीपुढे चिरायचा. कर्त्याने आपला देह अर्पण करावा, त्याऐवजी हे फळ. एकेचाळीस वर्षे मी हे कर्म नामस्मरणपूर्वक केले होते.

मी त्याच्या देठाशी शेवंती खोवत होतो, तेव्हा तो म्हणाला, "आप्पा, आई मला सुरी का लावत नाही, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होते. आमच्याकडे बायका अख्खा कोहळा चिरत नाहीत, कारण त्याला घरचा थोरला मुलगा मानतात. पण त्या मानण्याच्या बळावर तो स्वतः काही मागेल, हे माझ्या कधी ध्यानी आले नव्हते. आम्हांला मूलबाळ नाही.

घरी जाऊन मी हे माझ्या पत्नीला, अनसूयेला, सांगितले. ती वाती वळत होती. तिने विचारले, "त्यानं काही खाल्लंय का? घट बसल्यापासून तसाच बसलाय तो." आणि दुधाची वाटी घेऊन ती देवळाकडे निघाली.

दुपारी देवळात, आराशीसमोरच, देवस्थान समितीची बैठक भरली. मी तीन हरकती मांडल्या. त्याला हात नाहीत, ही पहिली. सुरा देठाला बांधावा, असे कोहळ्याने सुचवले आणि ते मान्य झाले. तो भिकोबा माळ्याच्या मांडवावर वाढला आहे, ही दुसरी. त्यावर, दत्तक समजावे, असे ठरले. मुळात फळाने बोलावेच का, ही माझी तिसरी हरकत ऐकून चिटणीस माणिकराव साबळे यांनी चष्मा काढला.

"आप्पा, तीस वर्षं तुम्ही भोपळ्याची वीणा गळ्यात घालून कीर्तनाला उभे राहता. तिच्यातून नाम निघतं, ते तुम्हांला चालतं. आता तिच्याच भावकीतला एक जण दोन शब्द बोलला, तर हरकत?"

घटाघटात देव नांदतो, हे मी आयुष्यभर गात आलो. त्याखाली सही करण्याची वेळ मात्र प्रथमच आली होती. मी सही केली. मग एक शंका उरली, ती विचारली: सुरा तो धरणार, तर चिरायचे कोणाला?

माणिकरावांनी रीतीभातींची जुनी वही उघडली. तिच्यात कोहळा असा उल्लेखच नव्हता. 'आराशीत मधोमध बसेल तो', एवढेच लिहिलेले होते.

"आता मधली जागा रिकामी झाली," माणिकराव म्हणाले. "ती मोकळी ठेवता येणार नाही. आणि कर्तेपणातून मोकळे झालेले असे तुम्हीच आहात."

मी अनसूयेकडे पाहिले. ती कोहळ्याच्या अंगावरची पांढरी भुकटी पदराने पुसत होती. तिला काय वाटते, असे मी विचारले.

"इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदाच काही मागितलंय," ती हळूच म्हणाली. मग ती माणिकरावांना म्हणाली, "दोन भोपळे जरा बाजूला सरकवा. यांचे गुडघे आखडतात."

संध्याकाळी मी आराशीत बसलो. माझ्या कपाळाला कुंकू लागले, मांडीवर तेरडा आला, कानामागे शेवंती. दर्शनाला आलेल्यांनी यंदाची मांडणी भरदार झाल्याचे सांगितले. हा अनुग्रह की माझ्या हातून झालेली चूक, याचा मी विचार करीत राहिलो. पण माळा विस्कटतील म्हणून मान हलवता येत नव्हती.

नवमीला सकाळी चिरंजीव आले. देठाला सुरा नीट बांधलेला होता. अनसूया त्यांच्या मागे उभी होती आणि तिने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले होते. घंटा थांबली, तरी ते जागचे हलेनात.

"आप्पा," त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "पहिल्या वर्षी तुमचा हात थरथरला होता?"

"थरथरला होता."

"मग काय केलंत?"

त्यांना दुसरे कोण सांगणार होते? मी म्हणालो, "आधी देवीचं नाव घे. आणि सुरा पाण्यात बुडवून घे, म्हणजे मध्येच अडकत नाही."

अनसूयेने तांब्या पुढे केला. चिरंजीवांनी नाव घेतले. उच्चार स्वच्छ होता. मी पाठ ताठ केली आणि मांडीवरचा तेरडा सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी सावरून धरला.