जादूच्या तलवारींचे इन्स्पेक्टर

दिगूकाका जादूची तलवार आहे तशी कधीच पास करत नाहीत. शेंद्रा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते आठवडाभर सुटे भाग तपासतात आणि रविवारी दुपारी, आमच्या वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, कादंबऱ्यांतली शस्त्रं.

हे सगळं एका खेळासाठी. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि वार लागला की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. खेळणारे आम्ही तिघं, मी, फैजान आणि त्याची बहीण सना. सांगणारे कायम काका.

मला त्यांनी लिफ्टमध्ये पकडलं. माझ्या हातात जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. मी अनोळखी माणसांशी बोलत नाही, ओळखीच्यांशीही जपूनच. मुखपृष्ठावरच्या तलवारीकडे बघत त्यांनी विचारलं, "ही काय करती?" एका वारात अख्खी फौज जळते, मी म्हणाले.

"मग रिजेक्ट," म्हणाले आणि लिफ्टमधून उतरून गेले.

मला इतका राग आला की रविवारी भांडायला वर गेले. तेव्हापासून तिथेच रमले.

"बेटा, पुस्तकात हीरो एक असतो," काकांनी समजावलं. "इथं तिघं बसतेत. एकानंच फौज जाळली तर बाकीच्यांनी काय चिवडा खायचा?"

म्हणून ते प्रत्येक शस्त्राची धार जरा बोथट करतात आणि त्याला एक किंमत लावतात. ती फौज जाळणारी तलवार शेवटी खेळात आली, पण ती दिवसातून एकदाच पेटायची आणि पेटली की धरणाऱ्याच्या भुवया जायच्या. फैजानचं पात्र कितीतरी महिने बिनभुवयांचं हिंडलं. मला कधीच न चुकणारा बाण मिळाला, मात्र सोडण्याआधी स्वतःबद्दल एक खरी गोष्ट मोठ्यानं बोलायची अट होती. घरी कधी बोलले नाही ते मी त्या टेबलावर बोलले. हे मुद्दाम केलंत, असं सना त्यांना म्हणाली. काकांचं उत्तर ठरलेलं, "किंमत नसली तर माल खोटा."

शस्त्राचं वर्णन करताना त्यांची रिकामी मूठ आपोआप वळायची, जणू आत काहीतरी धरलंय. हे मी बरेचदा पाहिलं होतं.

एकदा फासे गोळा करताना सनाने सहज विचारलं, काका, तुमचं शस्त्र कोणतं? काका हसले. म्हणाले, तरुणपणापासून गोष्ट सांगतोच आहे, खेळलो कधीच नाही. सांगणारं दुसरं कुणी भेटलंच नाही. मग चिवड्याचं भांडं घेऊन आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

गोष्ट सांगायची म्हणजे दुपारभर बोलायचं. मी चप्पल घातली. मग आतल्या खोलीच्या दिशेने म्हणाले, "पुढच्या रविवारी मी सांगते. तुम्ही खेळा."

त्या रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून फैजानच्या पलीकडच्या खुर्चीत बसले. त्यांनी हातोडा आणला होता, डोंगर फोडणारा. कुठल्या पुस्तकातला नाही, स्वतःचा. आज तपासणारी मी होते. याची किंमत काय, मी विचारलं.

काका फासा तळहातावर घोळवत राहिले.

"एकट्याला उचलत नाय."

फैजान एरवी टोमणा मारल्याशिवाय राहत नाही. त्याने नुसती खुर्ची काकांकडे ओढली. "एक बाजू मैं पकडतूं, काका."

दोघंही माझ्याकडे बघत होते.

"पास," मी म्हणाले.