चालत्या गाडीचा टाईम

आमचे शेजारी प्रल्हादभाऊ लग्नाला दोन तास उशिरा पोचतात आणि वरून म्हणतात, टायमावर आलो. परवा धामणगाव बढ्याला पंगतसुद्धा उठून गेली होती. मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "मोताळा ते धामणगाव अर्धा घंटा. बाकीचा वेळ गाडी उभी होती. उभी गाडी मोजाची नसते."

पंक्चर, चहा, रस्त्यातली मेंढरं, भाऊ हिशेबात काहीच धरत नाहीत. बोला आता!

हे खूळ लेकीच्या लग्नापासूनचं. वनिता बंगलोरला दिली. कोणी नुसतं "पोरगी लई दूर दिली हो" म्हणायचा अवकाश, भाऊ तोंडातलं पान थुंकून तयार. "दूर काऊन? संभाजीनगर ते बंगलोर, इमानात बसलं त दीड घंटा. बाजारात कांदे घ्याले याच्यापेक्षा जास्त लागते." आधी संभाजीनगर गाठायला नको का, असं विचारलं, की ते जमिनीवरचं, ते धरायचं नाही म्हणतात.

मागच्या आठवड्यात त्यांच्या ओसरीवर चहा पिताना पुन्हा तेच सुरू झालं आणि माझं डोकं सटकलं. म्हटलं, भाऊ, पहाटे मोताळ्याहून निघा, संभाजीनगरला जा, विमानतळावर दोन तास बसा, उतरल्यावर बंगलोरच्या गर्दीतून पोरीचं घर गाठा. दिवस मावळतो की नाही?

एरवी हमरीतुमरीवर येणाऱ्या या माणसानं कप खाली ठेवला. दारात सुमनवहिनी उभ्या होत्या. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हशीला पाणी दाखवायचं निमित्त करून गोठ्याकडे निघून गेले.

वहिनी कप उचलायला आल्या.

"भाऊजी, असा हिसाब यायच्यासमोर नका करू," त्या हळूच म्हणाल्या. "इतक्या दूर पोरगी देत नाही म्हनून मी अडून बसली होती. दीड घंट्यावर हाये म्हनून यायनं मले राजी केलं. मंग वनिताच्या दुसऱ्या बाळंतपणाले मी जावयासंगं गेली. सकाळची निघाली, दिवे लागले पोचाले. पोरगी किती दूर गेली, ते मले तवा समजलं. वापस आली त यायनं आंगनातच इचारलं, किती लागला? म्या म्हटलं, दीड घंटा. तवा कुठं हे पोटभर जेवले."

मी माझा कप त्यांच्या हातात दिला.

तेवढ्यात भाऊ आले. खाली मान घालून बसले. म्हणाले, "मंग किती निघाला तुमचा हिसाब?"

"चुकला होता, भाऊ. दीडच घंटा."

भाऊंनी मान वर करून वहिनींकडे पाहिलं.

"हाव," वहिनी म्हणाल्या. "इथंच त हाये पोरगी."