पोर्त्सियाच्या नावाचा अर्थ

छापखान्यात रुज्जेरोने मजकूर न वाचताच सही ठोकली आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

इटलीतल्या रूवो गावात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव ठेवतात. बायकोला, म्हणजे नोएमीला, 'जिनेव्रा' हवं होतं. पाच महिने घरात धुसफूस चालली. शेवटी तीच म्हणाली, "ठेवा बाई पोर्त्सिया, आणि मिटवा एकदाचं!"

आजी पोर्त्सिया खूश झाली. बाप्तिस्म्याच्या पाहुण्यांसाठी तिने स्वतःच्या हातांनी नव्वद पुरचुंड्या बांधल्या. जाळीच्या कापडात पाच-पाच साखरबदाम, वर गुलाबी फीत आणि फितीला नावाचा अर्थ सांगणारं दुमडलेलं कार्ड. चष्म्याशिवाय तिला वाचता येत नसे, आणि चष्म्यात म्हातारी दिसते म्हणून ती तो लावत नसे.

रविवारी चर्चमध्ये फादर चेझारेंची वाट बघताना रुज्जेरोने सहज एक कार्ड उघडलं. 'पोर्त्सिया : रोममधल्या पोर्चियुस घराण्यावरून. मूळ लॅटिन शब्द पोर्कुस, म्हणजे डुक्कर.'

खांबाआड जाऊन त्याने छापखानेवाल्याला फोन लावला. "अरे, हे काय छापलंयस?"

"अर्थ. तूच म्हणालास ना, बघून टाक म्हणून?"

"म्हणून डुक्कर?"

"लॅटिनला मी काय करू? माझी पुतणी क्लाउदिया. त्याचा अर्थ लंगडी. आम्ही बोंबलत फिरतो का?"

रुज्जेरोने फोन ठेवला. आईने हे वाचलं तर ती छापखान्याला नाही, सुनेलाच धरणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो पुरचुंड्यांच्या टोपलीशी उकिडवा बसला आणि एकेक फीत सोडून कार्ड कोटाच्या खिशात कोंबू लागला. पस्तिसाव्या कार्डाला मागून तेक्ला आत्याचा आवाज आला.

"लाज नाही वाटत? स्वतःच्या पोरीच्या बाप्तिस्म्यात बदाम चोरतोस?"

"भूक लागली होती, आत्या." पुरावा म्हणून त्याने दोन बदाम तोंडात टाकले.

"जेवायला तासभर दम निघत नाही? ठेव ती टोपली!"

आत्याने एका बाजूने ओढली, याने दुसऱ्या. कडी निसटली. साखरबदाम टणटणत दगडी फरशीवरून थेट वेदीपर्यंत गेले आणि अख्खं चर्च ते वेचायला वाकलं. कार्डं हातोहात फिरली. नेमके तेव्हाच आत आलेले फादर चेझारे पायाशी पडलेलं कार्ड उचलून सवयीने मोठ्याने वाचू लागले. शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज बसला.

आजी सावकाश सुनेकडे वळली. नोएमी एक पाऊल मागे सरली.

"आई, देवाशप्पथ, मी नाही..."

"तिने नाही, मी," रुज्जेरो बदाम गिळत पुढे झाला. "न वाचता सही केली. काय शिव्या द्यायच्या त्या मला दे."

आजीने हात पुढे केला. "चष्मा दे."

शेजारणीचा चष्मा लावून तिने कार्ड दोनदा वाचलं. मग तिचे खांदे हलायला लागले. रडते आहे असं वाटून नोएमी धावली, तर म्हातारी हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"फादर, शाळेत मी सगळ्यांत बुटकी. पोर्त्सिया म्हणजे पोर्त्सिओने, जेवणातला एक वाटा, असं म्हणून कार्टी मला 'अर्धं ताट' म्हणायची. साठ वर्षं मीही तेच धरून बसले." तिने डोळे पुसले. "अर्ध्या ताटापेक्षा आख्खं डुक्कर बरं की! आमच्या बाबांच्या घरी डुक्कर असायचं तेव्हा हिवाळाभर कोणी उपाशी झोपत नसे."

मग ती लेकाकडे वळली. "खिशात काय आहे रे?"

रुज्जेरोने चुरगळलेली कार्डं काढून दाखवली.

"सगळी सरळ कर आणि परत बांध. एकही पाहुणा अर्थाशिवाय घरी जाता कामा नये."

बाप्तिस्मा झाला, मंडळी जेवायला गेली. रुज्जेरो चर्चच्या पायरीवर फितींच्या गाठी मारत बसला. थोड्या वेळाने नोएमी बाळाला घेऊन शेजारी टेकली.

"दुसरी झाली तर जिनेव्रा," ती म्हणाली.

"चालेल. पण त्याचा अर्थ..."

"अर्थ मी बघेन," नोएमी म्हणाली. "तू फक्त सही करू नकोस."