सम परमुलखी पडली त्याची हकीकत

श्रीनादब्रह्म प्रसन्न. ऐकिले तैसे लिहिले, लिहिणाराचे नाव कोणी विचारू नये. शके १९४३ प्लवनाम संवत्सरी, चैत्रमासी हकीकत ऐसी जाहली जे, एक राज्य होते, त्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. त्या राज्यात तबल्याची दौलत सोनबा गुरव यांजकडे आणि सारंगीची दौलत मेहबूबखां यांजकडे. उभयतांनी चाळीस वर्षे एका सतरंजीवर बसोन मैफली गाजविल्या. मग खांसाहेब लेकीपाशी साता समुद्रांपलीकडे राहावयास गेले, आणि सोनबा एकटेच रियाजास बसू लागले, तरी सतरंजीची डावी बाजू मोकळीच ठेवीत. ऐसे असता खांसाहेबांचा निरोप आला की, डाव्या हाताची बोटे आखडत चालली, वैद्यांनी महिन्याची मुदत दिली, पुढे तारेस नख लावणे होणार नाही. तत्पूर्वी एक वेळ बुवांचे ठेक्यावर समेस यावे इतकीच वासना उरली आहे. हे ऐकोन सोनबा दिवसभर जेवले नाहीत.

मग घरची सून केतकीबाई, यंत्रविद्येत मोठी हुशार, तिणे संगणक मांडिला आणि मामंजींचे कानांस यंत्रे चढविली आणि इंटरनेटचे वाटेने दोन्ही मुलूख जोडिले. येथे सूर्य उगवत होता, तेथे दिवेलागण जाहली होती. राग सकाळचा घ्यावा की सांजेचा, यावर मोठी मसलत पडली, आणि शेवटी भैरवीस वेळेचे बंधन नाही म्हणोन भैरवी मुक्रर जाहली. परंतु आवाजास समुद्र ओलांडोन माघारा यावयास अर्ध्या मात्रेचा वेळ लागे, आणि हे दोघे पडले अदबीचे. चाळीस वर्षांचा रिवाज ऐसा जे, एकाने दुसऱ्यास सांभाळोन घ्यावे. म्हणोन सोनबा सारंगीसाठी थांबत, आणि खांसाहेब ठेक्यासाठी थांबत, आणि लय उतरत उतरत इतकी उतरली की दोघेही हात उचलोन एकमेकांची वाट पाहत बसले. आवर्तनाची पहिली मात्रा ती सम, तेथे दोघांनी एकदम पोहोचावे, तर पोहोचणे कोणाचेच होईना. तीन दिवस हाच खेळ चालिला, आणि मुदत सरत चालली.

मग केतकीबाई बोलिली, "मामंजी, हा उशीर काही जायचा नाही. तुम्ही त्यांच्यासाठी थांबू नका, सरळ वाजवत राहा. ते तुमच्यामागे येतील. तिकडे सम अगदी जुळेल. इकडे मात्र नाही जुळायची."

सोनबांस ही फितुरी वाटली. साथीला बसावे आणि साथ ऐको नये, ऐसे पाप त्यांचे हातून कधी घडले नव्हते. डग्ग्यावर हात फिरवीत बोलिले, "तिकडे जुळेल ना नक्की?"

"जुळेल."

"मग तिकडेच जुळू दे."

चौथे दिवशी सोनबांनी डोळे मिटोन ठेका धरिला आणि सारंगी मागोन येऊ लागली. नदीपलीकडे बाई धुणे आपटते, हात आधी दिसतो आणि आवाज मागोन येतो, तैसे जाहले. हात थांबू पाहत, सोनबा थांबू देत ना. मग हळूहळू ऐसे वाटू लागले की आपण पैलतीरी आहो, तेथे दिवे लागले आहेत, सतरंजी अंथरली आहे, डावे बाजूस खांसाहेबांचा गज सरकतो आहे, आणि अत्तराचा वासही तोच. समेचा धा पडला. येथे खोलीत तो एकटाच पडला, आणि अर्ध्या मात्रेने सारंगी आली.

वाजविणे सरले. खांसाहेब बोलिले, "बुवा, मांडीला मांडी लावून बसल्यासारखं झालं. तुमच्याकडंबी सम बरोबर आली ना?"

केतकीबाईने मान खाली घातली. सोनबा बोलिले, "आली, खांसाहेब. केसाचा फरक नाही."

महिना भरला, तेथे सारंगीवर कापड पडले. सोनबा पहाटे रियाजास बसतात, आणि समेवर धा देऊन अर्धी मात्रा हात उचलोन थांबतात, मग पुढे जातात. हकीकत इतकीच, संपूर्ण जाहली.