मुरारीचा मुका रस

मुरारी ओलेत्या धोतरानं, उघड्या डोक्यानं आणि ओठ घट्ट मिटून बांधावरून घाईघाईनं घराकडे निघाला होता. काखेत, उपरण्याखाली, भुईआवळ्याची मुळासकट उपटलेली जुडी होती. घरात गवरा कावीळ होऊन पडली होती. पंधरवड्यात तिचे डोळे हळकुंडासारखे झाले होते, आणि कालपासून तर तिनं पेजही तोंडाला लावली नव्हती.

झाडपाल्याचं औषध देणाऱ्या सोपानरावांनी बजावलं होतं, "आदल्या सांजेला झाडाला तांदूळ-सुपारी ठेवून आमंत्रण द्यायचं. दिवस उगवायच्या आत अंघोळ करून ओलेत्यानं उपटायचं. पाट्यावर वाटायचं, रस गाळायचा आन् दिवस वर यायच्या आत बाईला अनशेपोटी पाजायचा. तवर तोंडातनं शबुद काढलास तर औषधाचा निस्ता पाला झाला म्हणून समज. आन् कुणाला सांगायचं न्हाई."

मुरारी मुळातच कमी बोलणारा. त्याला वाटलं, यात अवघड ते काय?

चाकणच्या रस्त्याला बन्सी भेटला. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला होता, तिथं तो सायकलवरून शिफ्टला जात असे.

"काय मुरारीभाऊ, ओलेत्यानं? वैनी बरी हाय न्हवं?"

मला बोलता येत नाही, हे सांगायला मुरारीनं मान हलवली. बन्सी सायकलवरून उतरला.

"म्हंजी? जास्त झालं?"

मुरारीनं ओठांवर बोट ठेवलं. मग, दिवस वर येतोय, मला जाऊ दे, अशा अर्थानं उगवतीच्या आभाळाकडे हात केला. बन्सीनं आभाळाकडे पाहिलं, मुरारीच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं, आणि स्वतःची टोपी काढली.

"आरारा! कवा गेली?"

मुरारीनं जिवाच्या आकांतानं मान हलवली.

"वेळबी कळली न्हाई! तू हो घरला. मी बघतो समदं." बन्सीनं सायकल गावाकडे वळवली. शिफ्ट बुडाली तर बुडाली, असल्या वेळी माणूस मागे राहत नाही.

मुरारी मळ्यातनं वळसा घालून घरी पोचेपर्यंत ओसरी भरली होती. त्याची चुलती ठकुबाई नुकतीच आत डोकावून आली होती. माश्या त्रास देतात म्हणून गवरा डोक्यावरून धोतर घेऊन झोपली होती. तेवढं ठकुबाईला पुरलं. तिनं असा हंबरडा फोडला, की परसातली कोंबडी उडून कुडावर बसली.

"सोन्यासारखी बाई गं!" असं ती म्हणाली. जिवंतपणी गवराच्या भाकरीला तिनं कधी बरं म्हटलं नव्हतं.

मुरारी सगळ्यांमधून वाट काढत पाट्यापाशी गेला, जुडी धुतली आणि वाटायला बसला.

"डोस्क्यावर परिणाम झालाय," कुणीतरी कुजबुजलं. "बायकू गेली आन् ह्यो चटणी वाटतोय."

"वाटू द्या. हात गुंतला म्हंजी रडू मागं ऱ्हातं."

कोपऱ्यावरून सोपानराव येत होते. दारातली गर्दी पाहिली, बन्सीच्या खांद्यावरचे बांबू पाहिले, आणि ते तिथूनच मागे फिरले. दुपारपर्यंत ते रावेतला लेकीच्या घरी पोचलेही.

ठकुबाई मुरारीशेजारी टेकली. डोळे पुसून हळूच म्हणाली, "लेकरा, आता बोलायची वेळ न्हाई. पर चूल कोण बघंल तुजी? माज्या भावाची सुभद्रा हाय. कामाला वाघीण. घालू का शबुद?"

पाट्यावर वरवंटा पुढे-मागे ओढताना माणसाचं अंग हलतं आणि अंगाबरोबर मानही हलते. मुरारीची मान खाली-वर, खाली-वर होत राहिली.

"व्हय म्हनला!" ठकुबाई स्वतःच दचकली.

"अजून तिरडी बांधायची हाय, राव!" बन्सी बांबू टाकून ओरडला. "थोडी तरी जनाची लाज धर!"

मुरारीनं मान थांबवण्यासाठी वरवंटा थांबवला. पण दिवस वर येत होता. त्यानं पुन्हा वाटायला घेतलं आणि मान पुन्हा होकार देऊ लागली. डोळ्यांतलं पाणी रसात पडू नये म्हणून त्यानं तोंड वळवलं, तर लोक म्हणाले, "आता लाजतोय!"

रस फडक्यातून पिळून वाटीत घेतला आणि तो उठला. तेवढ्यात दार करकरलं.

दारात गवरा उभी होती. चौकटीला धरून, केस मोकळे, डोळे पिवळेधमक. दोन बायका किंचाळल्या. बन्सी बांबूंत पाय अडकून पडला.

"काकी," गवरा म्हणाली, "सुभद्रेला सांगा, चूल अजून माजी हाय."

मग नवऱ्याकडे वळली. "आन् तुमी? मान हलवली का न्हाई?"

मुरारीनं वाटी पुढे केली.

"आदी बोला. ह्या समद्यांच्या म्होरं. मगच पिते."

मुरारीनं ओठांकडे, वाटीकडे, सूर्याकडे बोट दाखवलं. गवरानं तोंड फिरवलं. ती हटणारी नव्हती. बोलावं तर रसाचा पाला होणार. न बोलावं तर रस वाटीतच राहणार. मुरारीनं वाटीत पाहिलं, मग तिच्याकडे.

"नको गं मला दुसरी," तो म्हणाला. सकाळपासून मिटलेला आवाज चिरका निघाला. "तू असताना नको. आन् तुज्या मागनंबी नको."

गवरानं वाटी घेतली, एका दमात रिकामी केली आणि तोंड वाकडं केलं. लोक हळूहळू पांगले. ठकुबाई जाता जाता म्हणाली, "आमचं काय, आमी आपलं मायेपोटी."

महिन्याभरानं सोपानराव परतले तेव्हा गवरा आडावर धुणं धूत होती. त्यांनी मुरारीला बाजूला घेतलं.

"पाजूस्तवर बोलला न्हाईस न्हवं?"

मुरारीला खोटं बोलता येत नसे. "बोललो."

सोपानराव मटकन खाली बसले. कितीतरी वेळ त्यांनी गवराकडे काळजीनं पाहिलं. "मग ह्यो गुण कशाचा म्हनायचा? आसला गुण टिकत न्हाई बाबा," ते म्हणाले. "जपून ऱ्हा."

तेव्हापासून मुरारी रोज उजाडताच, तोंड धुण्याआधी, गवरावर ओणवा होऊन तिच्या डोळ्यांतलं पांढरं तपासतो. ती आधी चिडायची. आता पायरव ऐकला की आपणच दोन्ही डोळे मोठे करून त्याच्यासमोर धरते, आणि त्याचं बघून होईपर्यंत पापणी लवू देत नाही.